शिशिरातील ओष्ठस्फुटन : पेण व रोहा परिसराच्या संदर्भात निदान, चिकित्सा व प्रतिबंध

प्रास्ताविक

थंडीच्या दिवसांत ओठ फुटणे ही तक्रार घेऊन क्वचितच कोणी मुद्दाम वैद्याकडे येतो. खोकला, संधिवात किंवा अग्निमांद्य यांसाठी आलेला रुग्ण औषध घेऊन उठता उठता "आणि हे ओठही उलले आहेत, काही लावायला द्या" असे सांगतो. वैद्यही एखादी मलमाची डबी हाती देऊन मोकळा होतो. बहुतेक वेळा तेवढ्याने कामही भागते. परंतु ज्या वेळी ते भागत नाही, त्या वेळी भेगेचे कारण शोधण्याचा कंटाळा रुग्णास महाग पडू शकतो. ओठावरील भेग एकच दिसत असली तरी तिच्यामागे ऋतू, व्यवसाय, आहार, सवय, पांडुत्व किंवा एखादा दुष्ट व्रणही असू शकतो. म्हणून लेप देण्यापूर्वी भेग 'वाचावी' हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. त्यासाठी रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा या दोन तालुक्यांचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे. देश, काल व सात्म्य यांचा विचार केल्याविना साध्या रोगाचीही चिकित्सा कशी अपुरी राहते, हे या परिसराच्या उदाहरणाने चांगले स्पष्ट होते.

शास्त्रीय व्याप्ती

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या सोळाव्या अध्यायात मुखरोगांची संख्या ६५ सांगितली असून त्यांपैकी ८ रोग ओष्ठाश्रित आहेत : वातज, पित्तज, कफज, सन्निपातज, रक्तज, मांसज, मेदोज व अभिघातज. वाग्भटाचार्यांनी मुखरोग ७५ मानले असून त्यांत ओष्ठरोग ११ गणले आहेत. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात ८० नानात्मज वातविकारांच्या गणनेत ओष्ठभेदाचा निर्देश केला आहे. हा निर्देश महत्त्वाचा आहे. कारण ओठ फुटणे या लक्षणात मूळ सूत्र वाताचे, आणि वातातही रूक्ष व खर या गुणांचे आहे, हे त्यावरून निश्चित होते.

वातज ओष्ठप्रकोपात ओठ कर्कश, परुष, ताठर व श्यावकृष्ण होतात, त्यांत तीव्र वेदना असते, ते फुटतात व त्यांची साले निघतात. हिवाळ्यातील नेहमीच्या ओष्ठस्फुटनाचे हेच चित्र आहे. पित्तज प्रकारात मोहरीएवढ्या पिटिका, दाह व पाक असतो. कफज प्रकारात ओठ जड, थंड, बुळबुळीत व कंडूयुक्त असतात. अभिघातज प्रकारात ओठ वारंवार फुटतात व तेथे गाठाळपणा आणि कंडू राहते. ओठ दाताने चावण्याची किंवा साल ओढून काढण्याची सवय असलेल्यांत हा प्रकार आजही पाहावयास मिळतो.

रक्तज प्रकारात खजुराच्या फळाच्या वर्णाच्या, रक्तस्राव होणाऱ्या पिटिका असतात. मांसज प्रकारात ओठ जड, स्थूल व मांसपिंडासारखा उंचावलेला होतो. हे दोन प्रकार व सन्निपातज प्रकार सुश्रुताचार्यांनी वर्ज्य म्हणजे असाध्य सांगितले आहेत. त्याचा आजच्या व्यवहारातील अर्थ पुढे पाहू.

देश आणि काल

कोकण हा आनूप देश. येथे कफप्रधान व्याधी अधिक, म्हणून येथील वैद्याचा हात स्नेह देताना स्वभावतःच आखडता असतो, आणि वर्षातील बहुतेक काळ ते योग्यही आहे. पेणच्या पश्चिमेस धरमतरची खाडी व खारेपाटाचा सखल प्रदेश, पूर्वेस सह्याद्रीच्या रांगा. रोहा कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसलेले. अशा दमट प्रदेशात ओठ का फुटावेत, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. घाटमाथ्यावरील थंडीच्या मानाने येथील थंडी तर सौम्यच असते.

याचे उत्तर थंडीत नसून रौक्ष्यात आहे. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. सह्याद्रीकडून उतरणारा हा वारा कोरडा असतो. पहाटे दव, दुपारी कडक ऊन आणि पुन्हा रात्री गारठा, असा चढउतार एकाच दिवसात होतो. वर्षातील आठ महिने दमट हवेला सरावलेल्या त्वचेला हा बदल अधिक जाणवतो. सात्म्याचा हा विपर्यय हेच येथील पहिले निमित्त होय.

कालाचा विचारही बारकाईने करावा. हेमंत व शिशिर यांची चर्या चरकाचार्यांनी बहुतांशी सारखीच सांगितली आहे. तथापि शिशिरापासून आदानकाल सुरू होतो आणि त्यामुळे या ऋतूत रौक्ष्य अधिक असते, हा भेद त्यांनी स्पष्टपणे नोंदविला आहे. म्हणूनच मार्गशीर्ष-पौषात थंडी असूनही ओठ तग धरतात आणि माघ लागताच उलू लागतात. "थंडी कमी झाली तरी ओठ का फुटतात?" या रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

आनूप देशाचा आणखी एक परिणाम ध्यानात घ्यावा. कफप्रवण प्रकृतीमुळे येथे प्रतिश्याय व नासावरोध पुष्कळ. नाक बंद असले की मनुष्य रात्री तोंडाने श्वास घेतो, आणि कोरडी हवा रात्रभर ओठांवरून ये-जा करते. सकाळी उठताच ओठ चिकटलेले व फुटलेले असतील, तर आधी नाक तपासावे. अशा रुग्णात ओठाला कितीही मलम लावले तरी नाक मोकळे होईपर्यंत उपशय मिळत नाही.

संप्राप्ती

ओठांची त्वचा शरीराच्या इतर त्वचेहून पातळ असून ओठाच्या लाल भागात स्वेदग्रंथी नसतात, तसेच त्वचेला स्निग्ध ठेवणाऱ्या ग्रंथीही जवळजवळ नसतात. म्हणजे ज्या अवयवाला स्वतःचा स्नेह नाही, त्याच्यावर रूक्ष वायूचा आघात प्रथम होतो. त्वचेतील जलांश उडून जातो, वरचा थर आकसतो व हसताना, जांभई देताना किंवा घास घेताना ताण पडून तेथे चीर पडते.

ओठ कोरडे वाटले की मनुष्य नकळत जीभ फिरवतो. क्षणभर बरे वाटते, पण लाळ वाळताना ओठातील उरलासुरला ओलावाही घेऊन जाते, शिवाय लाळेतील पाचक द्रव्ये नाजूक त्वचेला झोंबतात. मग ओठ अधिक कोरडे पडतात व जीभ अधिक फिरते. हे चक्र लहान मुलांत विशेष दिसते. ओठाभोवती जिभेच्या टप्प्याइतके लालसर कडे उमटलेले असते. त्या कड्याला दद्रू समजून तीक्ष्ण औषध लावल्यास त्रास वाढतो.

परिसरातील विशेष हेतू

१) व्यवसाय : पेण शहर, हमरापूर, जोहे या भागात गणेशमूर्तींचे काम वर्षभर चालते. शाडू मातीची व प्लास्टरची बारीक धूळ, पॉलिशपेपरने मूर्ती घासताना उडणारी भुकटी व रंग यांचा ओठांशी नित्य संपर्क येतो. माती व प्लास्टर दोन्ही ओलावा शोषणारी आहेत. आखणी करताना कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करण्याची सवय कोणास असल्यास तीही विचारून घ्यावी. खाडीकाठच्या मिठागरांत ऊन, वारा व क्षार या तिन्हींचा एकत्रित मारा होतो. पावसाळा संपल्यावर वीटभट्टीवर व कोळशाच्या भट्टीवर जाणाऱ्या आदिवासी कातकरी कुटुंबांत अग्निसंताप, धूर व धूळ यांच्या जोडीला अपुरा आहार असतो. रोह्याजवळील धाटाव औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या रुग्णास त्याचा रासायनिक द्रव्यांशी संबंध येतो का, तोंडावर मुखपट्टी किती तास असते, हे विचारावे. मुंबई-गोवा महामार्गालगतच्या गावांनी रुंदीकरणाच्या कामात वर्षानुवर्षे धूळ सोसली आहे, हेही विसरू नये.

२) आहार : भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर व दवावर येणारे वालाचे पीक ही या भागाची ओळख. शेंगा भरल्या की शेतात पोपट्या लागतात. वाल म्हणजे निष्पाव. तो रूक्ष, कषाय व वातकर सांगितला आहे. ज्या ऋतूत वायूला रौक्ष्याचे बळ मिळते, त्याच ऋतूत हे धान्य ताटात सर्वाधिक असते. वाल वर्ज्य करण्याचे मात्र कारण नाही. सोललेल्या वालाच्या बिरड्यात ओले खोबरे, गूळ, आमसूल व तेल घालण्याची जी घरोघरी रीत आहे, ती रौक्ष्याचा परिहारच होय. पोपटीत शेंगांबरोबर ओवा घालतात तो वातानुलोमनासाठी योग्यच आहे. तेथे उणीव स्नेहाची राहते. पोपटी खाणाऱ्यास दुसऱ्या दिवशीच्या जेवणात तूप-भात आवर्जून सांगावा. मात्र नुसत्या तिखट-मिठावर उकडलेला वाल आणि कोरडी भाकरी हाच रोजचा आहार असेल, तर तो हेतू म्हणून नोंदवावा.

३) जलपान : थंडीत तहान कमी लागते. खारेपाटातील गावांत गोड्या पाण्याची टंचाई जुनीच आहे. तेथे रुग्ण दिवसभरात किती पाणी पितो, हा प्रश्न उपचाराचा भाग समजावा.

४) सवयी व औषधे : मशेरी, तंबाखू, गुटखा, ओठ चावणे, साल काढणे, सुगंधी ओष्ठरंग, कापूर वा पुदिन्याच्या अर्काचे झोंबणारे बाम, दंतमंजन बदलणे यांची चौकशी करावी. तारुण्यपिटिकांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असलेल्या तरुणांत ओठ फुटणे जवळजवळ नियमाने आढळते. अशा वेळी ऋतूला दोष देऊ नये.

एक भेग, तीन रुग्ण

विषय स्पष्ट होण्यासाठी माघ महिन्यात एकाच दिवशी तीन रुग्ण आले असे समजू.

पहिला मूर्तिशाळेत काम करणारा तरुण. खालच्या ओठाच्या मध्यभागी उभी चीर, दोन्ही ओठांवर साले, बोलताना जीभ सारखी फिरते आहे. तक्रार आठ दिवसांची. मलप्रवृत्ती शुष्क. हा शुद्ध वातज प्रकार. बाह्य स्नेहन, धुळीपासून बचाव व सवय मोडणे एवढ्याने त्यास आठ-पंधरा दिवसांत आराम पडावा.

दुसरी भट्टीवर काम करणारी, अंगावर पाजणारी स्त्री. ओठ फारसे फुटलेले नाहीत, पण तोंडाचे दोन्ही कोपरे, म्हणजे सृक्कभाग, चिरले आहेत. जीभ गुळगुळीत व लाल, नेत्रांतील वर्त्म पांढुरके, चालताना धाप लागते. येथे ओठ हा केवळ आरसा आहे. मूळ व्याधी पांडू व धातुक्षय होय. लोह व रायबोफ्लेविनसारख्या जीवनसत्त्वांच्या अभावात कोपरे चिरतात, हे आधुनिक शास्त्रही सांगते. हिमोग्लोबिन तपासल्याविना हिला केवळ मलम देणे म्हणजे रोग झाकणे आहे.

तिसरी साठीच्या पुढची, अनेक वर्षे मशेरी लावणारी स्त्री. खालच्या ओठावर एका बाजूस एकच भेग, दीड महिना झाला तरी भरत नाही. कडा उंच व हातास कठीण लागतात, स्पर्शाने रक्त येते, वेदना मात्र थोडी. "थंडीने फुटला आहे, उन्हाळ्यात बरा होईल" असे घरच्यांचे म्हणणे. सुश्रुताचार्यांनी वर्ज्य सांगितलेल्या मांसज व रक्तज प्रकारांची आठवण व्हावी ती येथे. अर्बुदाची शंका घेऊन या स्त्रीस त्याच दिवशी पुढे पाठविले पाहिजे.

तिघांनाही एकच डबी दिली असती तर पहिला बरा झाला असता, दुसरी तशीच राहिली असती आणि तिसरीचे अमूल्य दिवस वाया गेले असते.

सापेक्ष निदान

व्यवहारात पुढील मुद्दे क्रमाने पाहावेत.

• भेग दोन्ही ओठांवर व मध्यभागी : बहुधा ऋतुजन्य वातज.
• भेग केवळ कोपऱ्यांत : पांडू, जीवनसत्त्वांचा अभाव, सैल कवळीमुळे कोपऱ्यात साचणारी लाळ, मधुमेह. मधुमेही व वृद्ध रुग्णांत बुरशीचा संसर्गही तेथे होतो. कोपऱ्यात पांढरा थर, ओलावा व कंडू असेल तर केवळ स्नेहाने उपशय मिळत नाही. रक्तशर्करा तपासावी.
• दाह, पिटिका, पाणी सुटणे : पित्तानुबंध, विसर्पसदृश पुरळ किंवा लावलेल्या द्रव्याची असात्म्यता.
• खालचा ओठ सतत कोरडा, फिकट, खरखरीत, ओठाची रेषा पुसट : वर्षानुवर्षांच्या उन्हाचा परिणाम. मिठागर, शेत व होडीवर काम करणाऱ्यांत याकडे विशेष लक्ष द्यावे.
• एकच भेग अथवा व्रण, दोन ते तीन आठवडे योग्य उपचार करूनही न भरणारा, कठीण कडांचा, रक्त येणारा, पांढऱ्या वा लाल चट्ट्यासह असणारा किंवा मानेत गाठ असलेला : तातडीने पुढील तपासणी.
• बालकास पाच दिवस वा अधिक ज्वर, डोळे लाल, ओठ लालभडक व फुटलेले, अंगावर पुरळ, हातापायांना सूज : हा ऋतुजन्य विकार नव्हे. अशा बालकास विनाविलंब बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, कारण या व्याधीत हृदयाच्या रक्तवाहिन्यांना इजा होऊ शकते.

पेण व रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत, अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि कर्करोगासाठी टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील संस्था आपल्या जिल्ह्यातच आहे. रुग्णास केवळ "मोठ्या दवाखान्यात जा" असे मोघम न सांगता कोठे जावयाचे व का, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. मोघम सल्ल्यावर गरीब रुग्ण सहसा जात नाही.

चिकित्सासूत्र

वातज ओष्ठप्रकोपात सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या बाविसाव्या अध्यायात घृत, तैल, वसा व मज्जा या चतुःस्नेहात मधूच्छिष्ट म्हणजे मेण मिसळून अभ्यंग सांगितला आहे. त्याबरोबर स्वेद, उपनाह, वातघ्न तैलाचे नस्य, तसेच श्रीवेष्टक, सर्जरस, देवदारू, गुग्गुळ व यष्टिमधू यांच्या चूर्णाचे प्रतिसारण येते. स्नेहाला मेणाची जोड देण्यात मोठे व्यवहारज्ञान आहे. नुसते तेल ओठावरून पुसले जाते, चाटले जाते. मेणामुळे ते टिकते व आतील ओलावा उडू देत नाही.

पित्तज, रक्तज व अभिघातज प्रकारांत जलौकावचारण, तर कफज प्रकारात शिरोविरेचन, कवल व क्षारयुक्त प्रतिसारण सांगितले आहे. ही द्रव्ये वातज भेगेवर वापरू नयेत. मुखपाकात उपयोगी पडते म्हणून टंकणाची लाही मधातून सरसकट ओठांना लावण्याची पद्धत आढळते. टंकण रूक्ष व लेखन आहे, त्याने कोरडी भेग अधिक खोल जाते.

बाह्य प्रयोग

१) सिक्थतैल : शुद्ध तिळतेल ६ भाग व मधमाशीचे मेण १ भाग. तेल मंद आचेवर, शक्यतो पाण्याच्या भांड्यात भांडे ठेवून, गरम करावे. मेण विरघळले की गाळून घ्यावे व थंड होईतो ढवळावे. मेणबत्तीचे मेण वापरू नये. माघानंतर उष्मा वाढू लागला की मेणाचे प्रमाण किंचित वाढवावे. दिवसातून चार-पाच वेळा, जेवणानंतर व निजताना अवश्य लावावे.

२) कोकमतेल : रातांब्याच्या बियांतील हा स्नेह कोकणाचे खास देणे आहे. बियांचा गर कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारा स्नेह थिजला की हाताने वळून गोळे करतात. हा गोळा साध्या हवेत घट्ट राहतो व सुमारे ४० अंश सेल्सियसला वितळतो, म्हणून बोटाच्या उबेने मऊ होऊन ओठावर पसरतो व टिकतो. ओठ व टाचा उलल्यावर तो लावण्याची कोकणात जुनी रीत आहे. फार घट्ट वाटल्यास तिळतेलात वितळवून मऊ करून द्यावा. मेण व स्नेह यांचे दोन्ही काम यात एकत्र साधते आणि गरीब रुग्णासही ते परवडते. जुना, खवट वास येणारा गोळा मात्र टाकून द्यावा.

३) यष्टिमधू घृत : यष्टिमधूचा कल्क १ भाग, गोघृत ४ भाग व पाणी १६ भाग घेऊन स्नेहपाकविधीने सिद्ध करावे. खोल चीर व वेदना असता हे रोपणासाठी उत्तम. बालक व गर्भिणी यांनाही निःशंकपणे लावता येते.

४) शतधौत घृत : दाह असता. शंभर वेळा पाण्याने धुतलेल्या या तुपात जलांश राहतो, म्हणून ते थोडे थोडे ताजे करावे.

दोन सावधगिरीच्या सूचना येथे आवश्यक आहेत. जात्यादी तैल हे व्रणरोपण म्हणून प्रसिद्ध असले तरी त्यात तुत्थ असते. ओठाला लावलेले औषध पोटात जातेच, म्हणून ओठावर, विशेषतः बालकांत, ते टाळावे. तसेच एक वर्षाच्या आतील बालकास मध लावू अथवा चाटवू नये.

लावण्याची रीतही सांगावी. ओठ कोमट पाण्याने भिजवून सुटलेली साल मऊ होऊ द्यावी, ती ओढून काढू नये. मऊ कापडाने टिपून ओलसर ओठावरच स्नेह लावावा. कोरड्या, धुळीने माखलेल्या ओठावर लावलेला स्नेह धूळच धरून ठेवतो.

आभ्यंतर उपचार

रौक्ष्य सर्व शरीरात असता केवळ ओठ स्निग्ध करून भागत नाही. अग्नी उत्तम असल्यास जेवणाच्या प्रारंभी गरम भातावर एक ते दोन चमचे तूप द्यावे. मलबद्धता असल्यास निजताना कोमट दुधातून अल्प मात्रेत एरंडस्नेह द्यावा. गर्भिणीस मात्र तो देऊ नये. प्रतिवर्षी त्रास होणाऱ्या वातप्रकृतीच्या रुग्णास शिशिराच्या प्रारंभी मात्राबस्तीचा विचार करावा. नासावरोधात प्रथम कफाचे पाचन व स्वेदन करून नंतर प्रतिमर्श नस्य योजावे. आमावस्थेत, आनूप देश लक्षात घेता, स्नेहाची घाई करू नये.

पांडू असल्यास रक्तपरीक्षणानंतर लोहकल्प योजावेत व आहारात शेवग्याचा पाला, नाचणी, अंडी, दूध, सुकी मासळी यांपैकी रुग्णास मिळेल व परवडेल ते नेमके सांगावे. हिमोग्लोबिन फार खालावलेले असल्यास रुग्णालयीन उपचारास विलंब लावू नये.

प्रतिबंध

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात स्नेहगंडूषाचे जे लाभ सांगितले आहेत, त्यांत कंठशोष न होणे व ओठ फुटण्याचे भय न राहणे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दिनचर्येतील एका साध्या कर्माचा आपल्या विषयाशी इतका थेट संबंध असूनही त्याची आठवण आपण रुग्णास क्वचितच करून देतो. दंतधावनानंतर कोमट तिळतेल तोंडात धरावे व तोंडात कफ भरून आला, नाकाडोळ्यांतून स्राव होऊ लागला की थुंकून टाकावे. ओठ फुटल्यावर नव्हे, तर मार्गशीर्षातच याचा प्रारंभ करावा.

याखेरीज पुढील सूचना छापील पत्रकाच्या स्वरूपात रुग्णांना देता येतील.

• निजताना ओठ, नाकपुड्यांच्या कडा व टाचा यांना एकाच वेळी स्नेह लावावा.
• पहाटे दुचाकीवरून जाताना, भट्टीवर व मूर्तिशाळेत घासकाम करताना नाक-तोंड स्वच्छ सुती कापडाने झाकावे. कापड रोज धुवावे.
• कामाच्या मध्यंतरात आधी ओठ धुवावेत, मग स्नेह लावावा.
• उन्हात काम करणाऱ्यांनी रुंद काठाची टोपी वा इरले वापरावे.
• तहान नसली तरी कोमट पाणी ठरावीक वेळी प्यावे.
• संक्रांतीचा तिळगूळ हा एका दिवसाचा उपचार न ठेवता तीळ, खोबरे व गूळ संपूर्ण शिशिरात आहारात असावेत. मधुमेही रुग्णाने गूळ वगळावा.
• मुलास "ओठ चाटू नकोस" असे रागावण्यापेक्षा ओठाला तूप लावून ठेवावे.
• मशेरी व तंबाखू बंद करावी. भेग असताना तर त्या दिवसापासूनच.

उपसंहार

ऋतुजन्य ओष्ठस्फुटन हा सुखसाध्य विकार आहे आणि त्याची औषधे, म्हणजे तीळ, मेण, तूप व कोकम, आपल्या परिसरातच आहेत. त्याच्या चिकित्सेत अवघड असे काही असेल तर ते एवढेच, की साध्या वाटणाऱ्या भेगेसमोर क्षणभर थांबून चार प्रश्न विचारणे : किती दिवसांची, कोठे, काम कोणते, आणि तोंडात काय धरता? या चार प्रश्नांना दोन मिनिटे पुरतात. दर शिशिरात आपल्या चिकित्सालयात येणाऱ्या प्रत्येक फुटलेल्या ओठाच्या बाबतीत त्यांची उत्तरे केसपेपरवर लिहून ठेवण्याचा परिपाठ वैद्यबंधू-भगिनींनी ठेवावा, आणि पंधरा दिवसांनी न भरलेली भेग पुन्हा दाखविण्यास रुग्णास बजावून सांगावे. बऱ्या झालेल्या दहा रुग्णांना या बजावणीचा उपयोग होणार नाही, पण अकराव्याचा रोग तिच्यामुळेच वेळीच हाती लागू शकेल.